चौथं मत

भाऊजी, तुम्ही गेल्यापासून आपल्या शिराळ्याच्या घरात तुमच्याबद्दल इतकं खोटं बोललं जातंय की ते ऐकायला तुम्ही असायला हवं होतं. भेटायला आलेला माणूस सतरंजीवर बसतो, सुनंदाकडे बघून डोळे पुसतो, चहा घेतो आणि मग सुरू होतो. एक जण म्हणाला, हवालदार डोळे मिटून नाग धरायचे. दुसरा म्हणाला, धरायचे कशाला, ते नुसते दारात उभे राहिले की साप आपणहून पिशवीत जायचा. तिसऱ्याने तर शपथेवर सांगितलं की तुम्ही आयुष्यात एकदाही साप ओळखायला चुकला नाहीत.

मी आणि सुनंदा एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. बघितलं असतं तर दुखवट्याच्या घरात दोघी जावा फिदीफिदी हसताना लोकांना दिसल्या असत्या.

कारण तुम्ही घाबरायचात, हे आम्हा दोघींना माहीत होतं. लांब हूक, प्लास्टिकचा पाइप, त्याच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घेतल्याशिवाय तुम्ही कधी कॉलला गेला नाहीत. फौजेतून आल्यावर गावाचे सर्पमित्र झालात, पण सिग्नल रेजिमेंटमधली शिस्त अंगातून गेली नाही. “भ्या वाटत न्हाई म्हननाऱ्याच्या मागं मी उभाच ऱ्हात न्हाई, वैनी,” असं तुम्ही म्हणायचात.

आणि तुम्ही चुकायचात. चांगले दणकून चुकायचात. मी सांगलीच्या कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवते, चुका मोजणं हा माझा धंदाच आहे, आणि तुमच्या चुका मी स्वतः मोजलेल्या आहेत. मला तुमचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो ती गोष्ट त्या चुकांपाशीच सुरू होते. सतरंजीवर बसून ती सांगता येत नाही, म्हणून इथे तुम्हालाच सांगते.

आठवतं का, सुरुवात कशी झाली ते? रविवारी आम्ही दोघं सांगलीहून आलो होतो. सुनंदाने मटण केलं होतं आणि तुमचा फोन ताटाशेजारी सारखा वाजत होता. कुणाच्या गोठ्यात साप, कुणाच्या मोटरच्या खड्ड्यात साप. प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न, “काय हाय ह्यो?” तुम्ही डाव्या हाताने उत्तरं लिहीत होतात आणि उजव्या हातातला रस्सा कोपरापर्यंत ओघळत होता. मी सहज म्हणाले, “भाऊजी, हे काम यंत्र करू शकेल.”

तुम्ही घास खाली ठेवलात. “यंत्राला काय कळतंय सापातलं?”

“काहीच नाही. त्याला शिकवायचं. नाव लिहिलेले खूप फोटो दाखवायचे. मग ते स्वतःच खुणा शोधतं आणि नवा फोटो आला की सांगतं.”

“माज्याकडं फोटो लय हायती,” तुम्ही म्हणालात. तेवढ्यात हात न धुताच फोन उचललात, आणि त्या फोनच्या काचेवर बरेच दिवस मसाल्याचा वास राहिला.

तुमच्या फोटोंवर मी पहिलं मॉडेल शिकवलं. निकाल इतका सुरेख आला की मला संशय यायला हवा होता. विषारी, बिनविषारी, जवळजवळ सगळं बरोबर. मी तुम्हाला फोन करून सांगितलं, तुम्ही गावभर सांगितलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एका फोटोवर यंत्राचं मत विचारलंत. यंत्राने ठामपणे सांगितलं, विषारी. तुम्ही परत फोन केलात तेव्हा हसण्यामुळे तुम्हाला बोलता येत नव्हतं.

“वैनी, आवं, परसात भिताडाला टेकवून माजा हूक उभा केलाय. नुसता हूक! साप न्हाई, काय न्हाई!”

झालं होतं असं, की धामण, दिवड असल्या बिनविषारी सापांचे फोटो तुम्ही कसेही काढायचात, पण विषारी साप म्हटलं की हूक हातात असायचाच. त्यामुळे तो प्रत्येक विषारी फोटोत यायचा. यंत्राने सापाकडे बघितलंच नव्हतं. हूक दिसला की विषारी, नाही दिसला की बिनविषारी. एवढीच एक युक्ती शिकून ते पास झालं होतं. मी दोन दिवस तोंड लपवून बसले. तुम्ही मात्र तो किस्सा पारावर रंगवून सांगितलात आणि शेवटी मला म्हणालात, “वैनी, फौजेत एका सेंट्रीवर सगळी छावनी सोडत न्हाईत. त्यो झोपला की सगळीच गेली. दुसरा उभा करा.”

मी दोन नव्हे, तीन उभे केले. पहिल्याला सगळा फोटो दाखवला, रंग आणि पट्टे शिकायला. दुसऱ्याला रंग काढून टाकून नुसता आकार दाखवला, जाडी, मान, वेटोळं. तिसऱ्याला फोटोचे बारीक तुकडे करून दिले, म्हणजे त्याने खवले बघावेत. तुम्ही त्यांची नावं ठेवलीत. थोरला, मधला आणि धाकटी. मी विचारलं, तिसरीच मुलगी का? तुम्ही म्हणालात, “बारीकसारीक तीच बगती म्हनून.”

वेगवेगळं परीक्षण केलं तर तिघंही बेताचीच. थोरला जरा बरा, धाकटी सगळ्यात कच्ची. पण तिघांची मतं घेऊन बहुमत धरलं, की एकट्या थोरल्यापेक्षा निकाल चांगला यायचा. मला यात नवल नव्हतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले होते. तुम्हाला मात्र ते पटेना. त्या दिवशी आपण गच्चीत वाळत घातलेल्या हळदीशेजारी बसलो होतो.

“म्हंजे तिगं बी अर्धवट, आन् एकत्र बसली की शानी?”

“हो. पण वेगवेगळ्या ठिकाणी अर्धवट असायला हवीत. तिघं एकाच फोटोवर चुकली तर बहुमताचा उपयोग काय?”

तुम्ही तीन हळकुंडं उचलून वेगवेगळी ठेवलीत. मग म्हणालात, “बरुबर हाय. तिगं एकाच ताटात जेवली, तर तिगांचं पोट एकदमच बिगडनार.”

भाऊजी, आता वर्गात हा विषय आला की मी हे वाक्य सांगते. पुस्तकातली व्याख्या मुलं परीक्षेनंतर विसरतात, हे विसरत नाहीत. त्यानंतर तुम्ही तिघांची ताटं वेगळी करायला घेतलीत. कडेगावच्या, खंडाळ्याच्या, कुठकुठल्या सर्पमित्रांना फोन करून त्यांचे फोटो मागवलेत. एकाने नागाबरोबर स्वतःचाच फोटो पाठवला, चष्मा लावून, केस विंचरून. तुम्ही त्याखाली लिहिलंत, “तुमची जात माहीत हाय, सापाचा पाठवा.”

मग आपलं भांडण लागलं.

कवड्या आणि मण्यार. एक बिनविषारी, दुसरी अशी की चावला तरी कधी कळतसुद्धा नाही आणि माणूस झोपेतच जातो. दोघंही काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, मण्यारीचे शेपटीकडे, हे तुम्हीच मला शिकवलंत. यंत्रं सगळ्यात जास्त गोंधळायची ती या दोघांत. मी म्हणाले, या जोडीत बहुमत नको, तिघांतल्या एकाने जरी मण्यार म्हटलं तरी आपण मण्यार म्हणायचं.

मला वाटलं, तुम्ही लगेच हो म्हणाल. तुम्ही उसळलात.

“आन् मग काय हुईल ठावं हाय? धा कवड्ये मण्यार ठरतील. धा बी मरतील. लोक काठी घिऊनच उभं असत्यात, वैनी. आपन मण्यार म्हटलं की संपला इषय. मी येस्तवर दोन तुकडं झालेलं असत्यात.”

“आणि एखाद्या मण्यारीला आपण कवड्या म्हटलं तर?”

“म्हनून तर तीन ठिवलीत न्हवं का तुमी? तिगांवर भरवसा न्हाई?”

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण मिटेना. तुम्ही सापाच्या बाजूने, मी माणसाच्या बाजूने, आणि तुमचे दादा, म्हणजे माझे यजमान, गच्चीच्या दारात उभे राहून विचारत होते की जेवायला वाढायचं का. शेवटी घर तुमचं, साप तुमचे, म्हणून बहुमत कायम राहिलं.

श्रावणातली ती सकाळ. मी सांगलीला डबा भरत होते. शिराळ्याजवळच्या एका वस्तीवरून तुम्हाला फोटो आला. ज्वारीच्या पोत्याखालून अर्धा बाहेर आलेला लहानसा साप. मानेपासून पट्टे स्पष्ट, शेपटी पोत्याखाली. तुम्ही तो यंत्राला पाठवलात आणि नेहमीप्रमाणे तिघांची उत्तरं आपल्या दोघांच्याही फोनवर आली. थोरला म्हणाला कवड्या. मधला म्हणाला कवड्या. धाकटी म्हणाली मण्यार.

मी तुम्हाला फोन लावला.

“कवड्या हाय, वैनी. थोरला म्हनतोय, मधला म्हनतोय, मी म्हनतोय. पट्टं मानंपासनं हायती की.”

“धाकटी मण्यार म्हणते आहे.”

“धाकटी काल बुटाच्या नाडीला नानेटी म्हनली.”

“भाऊजी, मी सापावरून भांडत नाही. साप काहीही असू दे. तुम्ही फक्त त्या घरी फोन करून विचारा, कुणाला काही होतंय का. पोटात दुखणं, उलटी, काहीही.”

तुम्ही कुरकुरलात. कॉलला जायचं होतं, बुटाचा बंद बांधायचा होता. पण विचारलंत. मी हातात पोळी धरून उभी होते, तेव्हा तुमचा फोन परत आला आणि तुमचा आवाज बदलला होता.

“वैनी, सून पाटंपासनं पोट धरून बसलीया. पित्त झालं म्हनून लिंबू-सोडा पाजलाय. रातच्याला खाली अंथरून टाकून झोपली हुती.” मग गाडीची किल्ली उचलल्याचा आवाज. “ठिवतो.”

पुढचं मला सुनंदाने सांगितलं. एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून तुम्ही गाडी काढलीत. ती सून, मंगल, स्वतः चालत गाडीत बसली आणि म्हणाली, “मामा, उगं कशाला? पित्तच हाय.” रस्त्यात तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या. तुम्ही तिला बोलतं ठेवायला तिच्या माहेरची सगळी नावं विचारलीत, भाऊ, भावजया, भाचे, म्हशी. म्हशींची नावं सांगताना तिचे शब्द नाकातून यायला लागले, तेव्हा तुम्ही बोलणं थांबवून नुसता हॉर्न दाबून धरलात. शिराळ्यात पहिली इंजेक्शनं दिली आणि तिथून तिला कराडला नेऊन श्वासाच्या यंत्रावर ठेवलं.

मी दुपारी कराडला पोचले. तुम्ही बाकावर बसला होतात, एका पायात बूट, एका पायात चप्पल. मी शेजारी बसले. दोघांपैकी कुणीच “मी म्हणाले होते” किंवा “माझं चुकलं” असं काही म्हणालं नाही. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत एवढंच बोललात, “आज धाकटीनं राखलं.”

संध्याकाळी परत जाऊन तुम्ही ते पोतं उचललंत. साप तिथेच होता. मण्यारीचं पिल्लू. लहान वयात त्याच्या मानेवरही पट्टे ठळक असतात, आणि फसवणारा अर्धा भागच नेमका पोत्याबाहेर होता. घरातले काठ्या घेऊन उभे होते. तुम्ही त्यांना बाजूला केलंत, त्याला पिशवीत घातलंत आणि नेऊन डोंगरात सोडलंत. यावरून त्या घराने काही दिवस तुमच्याशी अबोला धरला होता, हेही मला सुनंदाकडूनच कळलं.

मंगल बरी होऊन घरी आली. परवा ती तुमच्यासाठी आली होती. सतरंजीवर कुणीतरी नेहमीचं सांगत होतं, हवालदार कधी म्हणून चुकले नाहीत. ती पदर सावरून म्हणाली, “माज्या येळला चुकलं हुतं. आदी कवड्या म्हनलं. मग त्येंनीच गाडी काडली.” भाऊजी, सगळ्या दिवसांत खरं बोललेलं ते एवढंच, आणि त्यातच तुमचं खरं मोठेपण होतं. मी उठून तिला माझ्याशेजारी बसवून घेतलं.

त्या प्रसंगानंतर आपलं भांडण दोन मिनिटांत मिटलं. साप अंगणात असेल, सगळे धडधाकट असतील, तर बहुमत. कुणाला काही होत असेल तर एक मत पुरे, गाडी काढा, साप नंतर बघू. इतकं सोपं होतं ते. आपण दोन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर शोधत बसलो होतो.

पण खरी गंमत पुढेच झाली. आठवड्याभराने तुम्ही सांगलीला आलात. हातात पेढे, तोंडावर काहीतरी अवघड बोलायचं असल्याचा भाव. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि मग तुम्ही म्हणालात, “वैनी, मलाबी त्या मशिनीत घाला.”

“म्हणजे?”

“तीन मतं हायती, चौथं माजं धरा. एकच. जादा न्हाई.”

फोटो बघून मी सांगेन ते शेवटचं, असं इतकी वर्षं म्हणणारा माणूस माझ्या सोफ्यावर बसून एक मत मागत होता. मी हसले नाही. मी म्हणाले, “मग परीक्षा द्यावी लागेल. त्या तिघांनी दिली तशी.”

तुम्ही छाती पुढे काढलीत. मी लॅपटॉपवर एकेक फोटो दाखवत गेले आणि तुम्ही नावं सांगत गेलात, पहिल्यांदा झटपट, नंतर जरा थांबून, शेवटी चष्मा पुसत. निकाल बघून तुमचा चेहरा असा झाला की तुमचे दादा पाणी घेऊन धावले. थोरल्यापेक्षा कमी. मधल्यापेक्षा अगदी किंचित जास्त.

“फोटू वाईट हायती,” तुम्ही म्हणालात.

“त्या तिघांना हेच फोटो दिले होते.”

“आवं, फोटूत साप हलत न्हाई! हलला म्हंजे कळतोय. धामन कशी पळती, घोनस कशी फुसकारती. हितं सगळी मेल्यावानी पडल्यात.”

दोन पेढे खाऊन झाल्यावर तुम्ही विचारलंत, “मग? नापास?”

मी तुमचं मत तिघांच्या मतांत मिसळून बघितलं. एकूण निकाल वर गेला. थोडाच, पण गेला. कारण ती तिघं जिथे आपटत होती, गवतात, सरपणात, अर्ध्या लपलेल्या सापावर, तिथे तुम्ही बरोबर होतात. आणि तुम्ही घाई करून चुकत होतात तिथे ती तिघं तुम्हाला सावरत होती. मी हे सांगितल्यावर तुम्ही त्या आकड्यावर बोट टेकवलंत. मग म्हणालात, “म्हंजे मी बी अर्धवटच. पन कामाचा.”

इतक्या आनंदाने स्वतःला अर्धवट म्हणवून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसापासून तुम्ही चुकलेला फोटोसुद्धा मला हौसेने पाठवायला लागलात, “बगा, आज तिगांनी मला पाडलं,” म्हणून.

तुमची एक लबाडी पण सांगते. नियम असा होता की आधी तुम्ही मत द्यायचं आणि मगच तिघांचं बघायचं. दोनच महिन्यांत तुम्ही आधी चोरून बघायला लागलात. तुम्हाला वाटलं, मला सांगलीत बसून काय कळणार. पण तुमच्या चुका हळूहळू थोरल्यासारख्याच व्हायला लागल्या. तो जिथे घसरायचा नेमके तिथे तुम्ही. मी फोन करून विचारलं, “भाऊजी, थोरल्याच्या ताटात हात घालताय का?” पलीकडे तुम्ही खोकलात. मग सुनंदाचा आवाज, “व्हय व्हय, बगत्यात! मी सांगत हुते नगा बगू!” त्यानंतर तुम्ही शहाण्यासारखे वागलात, निदान मी ऐकत असताना.

आणि मग शेवटचं भांडण, जे राहिलंच.

मी म्हणत होते, सगळ्यांचं मत सारखं धरणं चूक आहे. कोण कुठे भरवशाचा हे आता आपल्याला माहीत आहे, तर तसं वजन देऊ. लपलेला साप असेल तर तुमचं वजन जास्त, खवले दिसत असतील तर धाकटीचं. तुम्हाला ते अजिबात मान्य नव्हतं.

“मला जादा वजन नगं. एकदा जादा दिलं की माणूस बाकीच्यांचं ऐकायचं सोडतोय. मी सोडलं हुतं. समद्यांना एक-एक.”

“पण भाऊजी, गणित सांगतं की...”

“गनित तुमचं, वैनी. मत माजं.”

तुम्ही फोन ठेवलात. मी ठरवलं की पुढच्या रविवारी सगळे आकडे घेऊन येईन आणि तुम्हाला गप्प करीन. तो रविवार आला तेव्हा मी शिराळ्यात होते, पण आकडे काढून दाखवायला समोर कुणी नव्हतं. शनिवारी सकाळी चहा पिऊन तुम्ही परसात गेलात, तिथेच छातीत कळ आली, आणि सुनंदा हाक मारेपर्यंत सगळं संपलं होतं.

विधी झाल्यावर मी सांगलीला गेले आणि आधी तेच काम केलं. साठवलेल्या सगळ्या फोटोंवर दोन्ही पद्धती चालवल्या, माझी वजनाची आणि तुमची एक-एक मताची. माझी पुढे निघाली. पण इतकी किरकोळ पुढे, की एखाद्या विद्यार्थ्याने एवढा फरक दाखवून बढाई मारली असती तर मीच त्याला म्हणाले असते, याला फरक म्हणत नाहीत. तुमची साधी पद्धत माझ्या हुशार पद्धतीच्या बरोबरीने उभी होती. भाऊजी, एवढं म्हणायला मी फोन उचलला होता. तुमचं नाव काढून अंगठा ठेवणार तेवढ्यात ध्यानात आलं.

मग तुमचं मत वगळून चालवून बघितलं. तिघांचा निकाल खाली आला, तोही त्याच ठिकाणी, गवत, सरपण, अर्धा लपलेला साप. तुमची रिकामी जागा मला इतकी स्पष्ट कुठेच दिसली नव्हती, ना तुमच्या खुर्चीत ना फोटोच्या हारात. मी लॅपटॉप मिटला आणि मनसोक्त रडले. तुमचे दादा दारात येऊन उभे राहिले आणि काही न विचारता परत गेले.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. मी साताऱ्याची, कॉलेजात शिकवणारी, लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळे माझ्याशी फार जपून बोलायचे. मॅडमना काय वाटेल, मॅडमना तिखट चालेल का. घरात वावरताना मला कायम पाहुणी आल्यासारखं वाटायचं. माझ्याशी या घरात पहिल्यांदा कोण भांडलं असेल तर तुम्ही, तेही पारावरून येताच, “वैनी, तुमचं साफ चुकतंय,” असं दारातूनच ओरडत. त्या दिवशी मी या घरची झाले. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही लाजून परसात निघून गेला असतात. बरं झालं, आता ऐकून घ्यावं लागेल.

या आठवड्यात आम्ही दोघं परत शिराळ्यात आहोत, आणि काल तुमचा फोन सुनंदाने माझ्या हातात दिला. ती म्हणाली, “बाई, हे तुमीच बगा, मला झेपत न्हाई.” आज सकाळी त्यावर फोटो आला. एका वस्तीवर पाण्याच्या टाकीमागे साप, मधला जाड तपकिरी भाग तेवढा दिसतोय, डोकं नाही, शेपटी नाही. घरात सगळे ठणठणीत, पण अंगणात माणसं जमलीत. खाली स्क्रीनवर तुमची चौकट उघडी होती, तुमचं मत टाका. नियम असा की आधी मत, मग तिघांचं उत्तर.

मी आजपर्यंत फक्त आकडे बघितले, साप कधी बघितलेच नाहीत. म्हटलं, एकदा देऊन तर बघू. चष्मा लावला, फोटो मोठा केला, लहान केला, तुम्ही करायचात तसं तोंडाने च्यक् केलं आणि मोठ्या थाटात लिहिलं, नाग.

थोरला म्हणाला धामण. मधला म्हणाला धामण. धाकटीसुद्धा धामण.

सुनंदा माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, “आवं बाई! नागांच्या शिराळ्याची सून आन् धामनीला नाग म्हनती!” आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघी मोठमोठ्याने, पोट धरून हसलो. आतल्या खोलीतून तुमचे दादा “काय झालं, काय झालं” करत बाहेर आले, त्यांना सांगायलाही जमेना.

तीन विरुद्ध एक. माझं मत पडलं. मी त्या घराला कळवलं, धामण आहे, बिनविषारी आहे, उंदीर खाते, काठ्या खाली ठेवा आणि तिला वाट द्या. मग फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. थोड्या वेळाने त्या माणसाचा आवाज आला, मागे कोंबड्या आणि बायकांचा गलका होता.

“गेली, ताई. कुनी हात न्हाई लावला. समद्यांच्या पुड्यातनं गेली बगा, उसात.”